मानवी आनुवंशिकी : संशोधकांच्या प्रेरणा आणि आपली चिकित्सा

आईवडिलांची लक्षणे अपत्यात कोणत्या नियमाने उतरतात, याचा शोध घेणारे शास्त्र म्हणजे आनुवंशिकी. वाटाण्याच्या रोपांवर आणि फळमाशीवर या शास्त्राचे मूलभूत नियम उभे राहिले. असे असता काही शास्त्रज्ञांना प्रत्यक्ष माणसाच्याच रक्ताचा, हाडांचा आणि जनुकांचा अभ्यास करावासा का वाटतो? माणसाची पिढी बदलण्यास पंचवीस-तीस वर्षे लागतात, त्याच्यावर मनमानी प्रयोग करता येत नाहीत, आणि निष्कर्ष निघताच समाजात वाद उभा राहतो. तरीही हे संशोधन अखंड चालू आहे. त्यामागील प्रेरणांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार आपल्या वाचकांसाठी केवळ कुतूहलाचा विषय नाही. ज्या समाजाला शतकानुशतके 'जन्म' या एकाच कारणावरून गावकुसाबाहेर ठेवण्यात आले, त्या समाजाने जन्माचे शास्त्र लिहिणाऱ्याचा हेतू पारखून घेणे अगत्याचे आहे. ही पारख करताना एक भेद ध्यानात ठेवावा. कोणत्याही संशोधनाचे तीन टप्पे असतात : प्रश्न निवडणे, पुराव्याच्या आधारे उत्तर शोधणे आणि त्या उत्तराचा उपयोग करणे. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यावर हेतूची सत्ता चालते. मधल्या टप्प्यावर, संशोधक प्रामाणिक असेल तर, पुराव्याची सत्ता चालते. म्हणून अशुद्ध हेतूने विचारलेल्या प्रश्नालाही कधी कधी शुद्ध उत्तर मिळते, आणि शुद्ध हेतूने मिळविलेल्या ज्ञानाचाही दुरुपयोग होऊ शकतो.

जन्माच्या प्रश्नाची पूर्वपीठिका

मज्झिमनिकायात आणि सुत्तनिपातात येणाऱ्या वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांचा वाद आहे. माणूस ब्राह्मण ठरतो तो जन्माने की कर्माने? तथागतांनी दिलेले उत्तर निरीक्षणावर आधारलेले आहे. गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्यात जातीजातीची वेगळी चिन्हे दिसतात. माणसामाणसांत मात्र केस, डोळे, कान, नाक, हात, पाय यांपैकी कशातही तशी जातिभेदक चिन्हे आढळत नाहीत. माणसांची नावे वेगळी पडतात ती व्यवसायामुळे आणि व्यवहारामुळे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न आधुनिक शास्त्राच्या भाषेत पुढे नेला. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वकर्माच्या सिद्धान्ताची चिकित्सा करताना ते आनुवंशिकतेचाच आधार घेतात. मूल आईवडिलांची लक्षणे घेऊन जन्मास येते, असे विज्ञान सांगते. पूर्वकर्माच्या सिद्धान्तानुसार मात्र मुलाला आईवडिलांकडून देहापलीकडे काहीच मिळत नाही. त्याचे सुखदुःख ते स्वतःच मागील जन्मातून घेऊन येते. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असे बाबासाहेबांनी दाखविले. आनुवंशिकी हे शास्त्र येथे 'तुझे दैन्य तुझ्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे' या कल्पनेच्या विरुद्ध उभे राहते. याच शास्त्राचा दुसरा इतिहास मात्र इतका दिलासा देणारा नाही.

पहिली प्रेरणा : माणसांची प्रतवारी

मानवी आनुवंशिकीच्या आरंभीच्या अभ्यासकांपैकी अनेकांना माणसांची उच्च-नीच अशी प्रतवारी लावावयाची होती. इंग्लंडमधील फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ साली सुप्रजननशास्त्राला त्याचे इंग्रजी नाव दिले. 'उत्तम' माणसांची प्रजा वाढावी आणि 'हीन' माणसांची घटावी, हा या विचाराचा गाभा होता. भारतात १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदी-लांबीच्या प्रमाणावरून जातींचा सामाजिक दर्जा वंशाशी जोडण्याचा प्रयत्न केला. नाक जितके रुंद तितका दर्जा खालचा, असा त्यांचा दावा होता.

'दि अनटचेबल्स' या १९४८ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी हीच मोजमापे हाती घेऊन तपासली. डॉ. गो. स. घुर्ये यांनी मांडलेल्या आकड्यांवरून त्यांनी दाखविले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशांचे आहेत असे या मापांवरून सिद्ध होत नाही. प्रतिपक्षाचा हेतू दूषित आहे एवढे म्हणून ते थांबले नाहीत. प्रतिपक्षाच्याच क्षेत्रातील पुरावा त्यांनी प्रतिपक्षासमोर ठेवला.

याच काळातील दुसरे उदाहरण डॉ. इरावती कर्वे यांचे आहे. १९२८ साली त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत संशोधनासाठी गेल्या. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन या विषयांना वाहिलेल्या या संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हेच त्यांचे मार्गदर्शक होते. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंत इतर वंशांच्या मानाने अधिक असमानता आढळेल आणि ती त्याच्या बौद्धिक श्रेष्ठतेशी जोडता येईल, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. प्रश्न गुरूच्या पूर्वग्रहातून निघाला होता. उत्तर मोजपट्टीने दिले. परंतु हे उत्तर मानण्याची त्या संस्थेची आणि त्या राष्ट्राची इच्छा नव्हती. १९३३ साली जर्मनीत सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला आणि त्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया लादण्यात आल्या. फिशर यांची संस्था या वंशनीतीची शास्त्रीय आधारस्तंभ बनली होती.

दुसरी प्रेरणा : रुग्णाचे दुःख

दुसऱ्या प्रकारची प्रेरणा रुग्णाच्या खाटेजवळ जन्म घेते. तिचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात आणि के. ई. एम. रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. वाय. एम. भेंडे यांना असे रुग्ण आढळले की, ज्यांना कोणाचेच रक्त जुळेना. प्रचलित तपासणीत त्यांचा गट 'ओ' भासे; परंतु 'ओ' गटाचे रक्तही त्यांच्या रक्तात मिसळताच गुठळ्या होत. १९५२ साली भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी 'दि लॅन्सेट' या नियतकालिकात हा शोध जाहीर केला. तोच आज जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. 'ए' आणि 'बी' हे प्रतिजन ज्या 'एच' नामक पायावर उभे राहतात, तो पायाच या माणसांच्या रक्तपेशींवर नसतो. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच असे घडते. भारतात सुमारे दहा हजारांत एक, तर युरोपात सुमारे दहा लाखांत एक असे हे प्रमाण सांगितले जाते. रक्त जुळत नाही म्हणून माणूस दगावू नये, ही येथील प्रेरणा होती; रक्तगटाच्या आनुवंशिकीचा मूलभूत सिद्धान्त त्यातून उलगडला.

विदर्भातील सिकलसेल आजाराची कथा आपल्या समाजाच्या अधिक जवळची आहे. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकातील केवळ एका अक्षराचा बदल या आजाराच्या मुळाशी असतो. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उद्भवतात. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला शोध 'दि लॅन्सेट'मध्ये मांडला. नागपूर परिसरातील महार समाजात, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात, तसेच अनेक आदिवासी जमातींत आणि अन्य जातींतही हे जनुक आढळते.

यावरून 'हा अमुक जातीचा आजार' असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांना शास्त्राचे उत्तर असे आहे : हे जनुक एकेरी असेल तर हिवतापापासून काही अंशी संरक्षण देते, हे अॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले. म्हणून हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत ते टिकून राहिले. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा परिसर येथेही ते आहे. जनुकाला जात ठाऊक नसते. जातीने विवाहाचे कुंपण घातले म्हणून ते त्या कुंपणात साचून राहिले. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे मुक्त असण्याची २५ टक्के असते. वाहक असणे हा रोग नव्हे, आणि तो दोषही नव्हे.

अप्रभावी जनुकांचा हाच नियम मराठवाड्यातील एका रूढीला लागू पडतो. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल आपल्या भागात अनेक समाजांत आहे. कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेकडे मामा-भाचीचे विवाहही होत आले आहेत. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १/१६ असते; मामा-भाचीच्या अपत्यात ती १/८ होते. १९५७ साली भारतात स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन यांना हा विषय भारतातच अभ्यासण्याजोगा वाटला आणि त्यांच्या प्रेरणेने आंध्र प्रदेशात असे अभ्यास झाले. ही रूढी पाळणाऱ्यांचा उपहास करणे हे या ज्ञानाचे प्रयोजन नाही. ठरू घातलेल्या विवाहापूर्वी दोन्ही कुटुंबांनी जाणतेपणाने निर्णय घ्यावा, हे त्याचे प्रयोजन आहे.

तिसरी प्रेरणा : आपण कोण, याचे कुतूहल

डॉ. एल. डी. संघवी आणि डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी १९४९ साली मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो ज्या नियतकालिकात छापला गेला, त्याच्या नावात तेव्हा 'सुप्रजनन' हा शब्द होता. १९५४ साली त्या जागी 'मानवी आनुवंशिकी' हे शब्द आले. महायुद्धानंतर जुन्या नावाची लाज वाटू लागली होती. १९६८ साली इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील समान दर्जाच्या मानल्या गेलेल्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना मांडली. एकाच वर्णनामाखाली मोडणारे गटही जैविकदृष्ट्या एकसंध नाहीत, असे तीतून दिसले.

पुढे जनुकसंचाचे वाचन शक्य झाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील भिन्न पूर्वजसमूहांचे विस्तृत मिश्रण झाले. २०१६ साली पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी दाखविले की, अनेक उच्चवर्णीय गटांत हे मिश्रण सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण गुप्तकाळात, एकाएकी थांबले. सर्व गटांचा काळ एकच नाही. परंतु जातींचे विवाहबंधन अनादि नाही, त्याला इतिहासात आरंभ आहे, एवढे यावरून स्पष्ट होते.

येथे आपणही सावध असले पाहिजे. पूर्वजांच्या मिश्रणाचे सरासरी प्रमाण निरनिराळ्या गटांत कमीअधिक आढळते, हेही याच संशोधनाने सांगितले आहे. कोणी त्यात आर्यत्वाचा अभिमान शोधतो, कोणी मूलनिवासित्वाचा. शुद्ध मात्र कोणीच निघत नाही. आपल्याला प्रिय असलेला निष्कर्ष जनुकांतून निघावा, ही इच्छा आपल्या मनात उद्भवली तर ती ओळखता आली पाहिजे. समतेचा पाया रक्ताच्या अहवालावर रचला, तर उद्याच्या अहवालाने तो हलेल. वासेट्ठ सुत्तातील निरीक्षणाचा आशय असा की, माणसाची योग्यता ठरविणारे चिन्ह देहावर नसते. सरासरीतील फरकांमुळे या विधानाला बाध येत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील स्त्रिया आणि एक मोठा अभ्यास

वर उल्लेखिलेले खानोलकर हे कर्करोगाचे संशोधक होते. मुंबईच्या निरनिराळ्या समाजांत कर्करोगाचे प्रकार निराळे का, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. कारण रक्तात आहे की राहणीत? याच प्रश्नाचा पाठपुरावा करताना संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ साली तोंड आणि घशाच्या कर्करोगाचा तंबाखू चघळण्याशी व ओढण्याशी असलेला संबंध दाखविला. आनुवंशिकीच्या अभ्यासकाला आपले उत्तर आनुवंशिकतेबाहेर सापडले आणि त्याने ते मांडले, ही प्रामाणिकपणाची मोठी खूण होय.

या परंपरेचा एक धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुक्याबरोबर तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील परांडा आणि भूम हे तालुकेही तिच्या कक्षेत होते. येथील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळला. या रोगाचे कारण रक्तात किंवा जातीत नाही. तो मुख्यतः एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. विषाणूची जनुके पेशीच्या वाढीवर अंकुश ठेवणाऱ्या मानवी प्रथिनांना निकामी करतात. हाराल्ड त्सुर हाउझेन यांना हा कार्यकारणसंबंध उलगडल्याबद्दल २००८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऑक्टोबर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांच्या ५२ समूहांत ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. आर. शंकरनारायणन, भगवान नेने, सुरेंद्र शास्त्री आदी संशोधकांनी तो चालविला. एका गटाची विषाणूच्या डीएनएची चाचणी, दुसऱ्याची पेशीतपासणी, तिसऱ्याची अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी झाली. चौथ्या गटाला नित्याचीच आरोग्यसेवा होती. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात डीएनए चाचणीच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने मृत्यू पावल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे या चाचणीला जे प्राधान्य दिले, त्यामागील पुराव्यात आपल्या जिल्ह्यातील शेतकरी-शेतमजूर स्त्रियांचा मोठा वाटा आहे.

या अभ्यासावर गंभीर टीकाही झाली. तपासणीने प्राण वाचतात हे ठाऊक असताना चौथ्या गटाला ती का दिली नाही, असा आक्षेप होता. देशात त्या काळी अशी तपासणी कोठेच नित्याची नव्हती, असे संशोधकांचे उत्तर होते. हेतू प्राण वाचविण्याचा होता, यात शंका नाही. तरीही केवळ चांगला हेतू पुरेसा नसतो. ज्याच्या देहावर ज्ञान मिळविले जाते, त्याच्या हिताचा प्रश्न प्रत्येक पायरीवर पुन्हा विचारावा लागतो.

चौथी प्रेरणा : कीर्ती आणि धन

१९९० ते २००३ या काळात मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प पार पडला. कोणत्याही दोन माणसांचा जनुकसंच सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आले. या प्रकल्पाने आपली माहिती सर्वांना खुली ठेवली. त्याच वेळी एक खासगी कंपनी स्पर्धेत उतरली होती. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित दोन जनुकांवर अमेरिकेत एका कंपनीने मिळविलेले एकस्व २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले. निसर्गात आढळणारे जनुक कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही, असा निर्णय झाला. २०२३ च्या अखेरीस सिकलसेलवर जनुकसंपादनाच्या पहिल्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर ठरली. ज्यांच्या रक्तातून या आजाराचे ज्ञान झाले, त्या आफ्रिकेतील किंवा विदर्भातील गरीब रुग्णाच्या हाती हा उपचार कसा पडणार? धनाची प्रेरणा संशोधनाला वेग देते, पण फळ कोणाच्या ओटीत पडावे हे तिच्यावर सोपविता येत नाही.

आपण काय विचारावे?

तथागतांनी चेतनेलाच कम्म म्हटले आहे. कृतीचे मूल्यमापन तिच्यामागील चेतनेपासून सुरू करावे, ही दृष्टी संशोधनालाही लागू पडते. परंतु दुसऱ्याच्या मनातील चेतना आपल्याला दिसत नाही. तिचा माग प्रश्नांनीच काढावा लागतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली असून तिच्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. रक्त मागणारे लोक यापुढे आपल्या वस्तीत अधिक वेळा येतील.

अशा वेळी दार लावून घेणे हे शहाणपण नाही, आणि न वाचता अंगठा उमटविणे हेही नाही. हा नमुना कोणत्या प्रश्नासाठी घेता? कागदावर जातीचे नाव कशासाठी लिहिता आणि ते कोण पाहणार? निकाल मला समजेल अशा मराठीत मिळेल काय? नमुना उरला तर त्याचे काय कराल? दोष आढळला तर उपचार आणि सल्ला कोठे मिळेल? नकार दिला तर माझी इतर सेवा बंद होणार नाही ना? हे सहा प्रश्न प्रत्येक स्त्री-पुरुषाने विचारावेत. संमतीपूर्वी माहिती मिळणे हा हक्क आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही तो मान्य केलेला आहे.

आणखी एक मार्ग आहे. आपल्या मुलामुलींनी हे शास्त्र शिकावे. प्रश्न निवडण्याची सत्ता ज्याच्या हाती, त्याच्या हाती संशोधनाची दिशा असते. परांडा-भूमच्या एखाद्या शाळेतून निघालेली विद्यार्थिनी उद्या जनुकशास्त्रज्ञ झाली, तर आपल्या आईला कोणता आजार होता आणि तो वेळीच का कळला नाही, येथून ती आरंभ करील. तिच्या प्रश्नाला उत्तर कोणते मिळेल, हे पुरावाच ठरवील. तो प्रश्न विचारला जाईल, एवढे मात्र निश्चित.